एमए लिंग्विस्टिक्स की ईएलटी? शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांनी काय निवडावं

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. बीए इंग्रजी आणि बीएड झालंय, नोकरी कायम आहे. आता एमए करायचंय आणि ते नुसतं सर्व्हिस बुकात नोंद व्हावी म्हणून करायचं नाहीये. साहित्य मला आवडतं, पण वर्गात रोज जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं कविता-नाटकं वाचून मिळणार नाहीत हे एव्हाना कळून चुकलंय.

आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे माझ्याकडे आठवीत येणारं पोरगं सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं, तरी वहीत 'आय ॲम गो टू स्कूल डेली' असंच लिहितं, मी लाल पेनाने दुरुस्त करते, पोरगं खाली तीनदा बरोबर वाक्य लिहून आणतं आणि पुढच्या निबंधात परत 'आय ॲम गो'. 'माय फादर इज फार्मर' मधला 'अ' तर कधी येतच नाही. पोरं हुशार आहेत हो, गणितात विज्ञानात चमकतात. मग इथेच असं का होतं? हे 'का' मला नीट शिकायचंय.

शोधाशोध केल्यावर दोन रस्ते दिसले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एमए लिंग्विस्टिक्स (भाषाशास्त्र) किंवा हैदराबादच्या ईफ्लूमध्ये (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) इंग्रजी अध्यापनाचं, म्हणजे ईएलटीचं, शिक्षण. दोन्हीतला फरक कुणी अनुभवातून सांगेल का? नोकरी सोडावी लागेल का, पुढे ज्युनियर कॉलेजला जायचं ठरवलं तर कोणती डिग्री चालते, हेही सांगा. मुलगी चौथीत आहे, त्यामुळे घर एकदम हलवणं अवघड आहे.

येरवड्याचा

ताई, धागा उत्तम काढलात. मी डेक्कन कॉलेजातून एमए केलंय, त्याआधी बीएससी केमिस्ट्री, तेव्हा पदवी कुठली आहे याची चिंता नको. फक्त प्रवेशाची माहिती दरवर्षी नव्याने बघा.

ध्वनिविज्ञान, ध्वनिव्यवस्था, रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार, भाषेचा इतिहास, समाज आणि भाषा, असा सगळा पसारा आहे आणि शिवाय फील्ड मेथड्स, म्हणजे आपल्याला न येणारी भाषा बोलणाऱ्या माणसासमोर बसून शून्यापासून तिची व्यवस्था उकलायची. पण विषयांची नावं वाचून काही कळत नाही म्हणून एक उदाहरण देतो. 'चार आणि चार आठ' मधला चार आणि 'गुरांना चार' (खायला घाल) मधला चार, दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या च ला जीभ मागे टाळूला लागते, दुसऱ्याला पुढे दातांच्या मागे. लिहिताना एकच अक्षर, पण अर्थ बदलतो म्हणजे मराठीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि हे आपण सगळे दोन-तीन वर्षांचे असल्यापासून चोख पाळतो पण कुणी विचारलं तर सांगता येत नाही. लिंग्विस्टिक्स म्हणजे हे जे येतं पण सांगता येत नाही ते बाहेर काढायचं.

अजून एक. 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला'. खाणारी तुम्हीच, पण क्रियापद पोळीचं आणि आंब्याचं ऐकतं. आता 'तू पोळी खाल्लीस' बघा, 'ली' पोळीमुळे आणि 'स' तू मुळे, एकाच क्रियापदाने दोघांचं ऐकलं. असं जगातल्या फार भाषांत होत नाही. तुमचं आठवीचं पोरगं हे सगळं लीलया करतं आणि मग इंग्रजीत येतं, जिथे वर्तमानकाळात 'ईट' चं फार तर 'ईट्स' होतं, कर्ता कोण ते बहुतेक जागेवरूनच कळतं. आपलं क्रियापद इतकं बोलकं आणि तिथलं मुकं, मग पोरगं काळ-पुरुष दाखवायला कुठेतरी खुंटी शोधतं आणि 'ॲम' तिथे टांगतं. मला तरी 'आय ॲम गो' चं कारण हेच वाटतं. म्हणून माझं मत, आधी लिंग्विस्टिक्स करा. शिकवण्याच्या युक्त्या बीएडला झाल्यात, कमी आहे ती भाषा समजण्याची.

कॅम्पसबद्दल राहवत नाही म्हणून सांगतो. १८२१ ची संस्था, १९३९ पासून पदव्युत्तर आणि संशोधनासाठी, डॉ. कत्रे, अशोक केळकर असे भाषाशास्त्रज्ञ तिथे शिकवून गेले. संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, त्याच्या शब्दपट्ट्यांची खोली एकदा तरी बघाच, कपाटांच्या रांगाच्या रांगा आणि लाखो पट्ट्या, एकेका शब्दाचा एकेक वापर हाताने उतरवलेला.

तारनाका

मी ईफ्लूची. नाव ईफ्लू आत्ताचं, १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालं, १९७२ ला नावात परकीय भाषा जोडून सीआयईएफएल झालं आणि २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ. जुने शिक्षक अजून 'सीफेल' च म्हणतात.

येरवड्याचा यांचं मराठीचं विश्लेषण फार आवडलं पण 'आय ॲम गो' मराठीमुळे होतं हे मला पटत नाही आणि इथेच दोन अभ्यासांतला फरक आहे म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या रशियन मातृभाषेच्या मुलांचा २००२ सालचा एक अभ्यास आहे, आयोनिन आणि वेक्सलर यांचा. ती मुलंसुद्धा साध्या क्रियापदाआधी असंच 'इज' घालतात, 'द लायन इज गो डाउन' अशा धर्तीचं. आणि रशियनमध्ये वर्तमानकाळात 'आहे' म्हणतच नाहीत, 'मी विद्यार्थी' एवढंच म्हणतात! मग त्यांनी ते 'इज' कुठून आणलं? मातृभाषेतून नक्कीच नाही. म्हणजे इंग्रजी शिकणारं मूल, मग ते लातूरचं असो की मॉस्कोचं, या टप्प्यातून जातं असं मानायला जागा आहे.

आमच्याकडे हा सगळा इतिहास शिकवतात. १९५७ मध्ये लाडो या भाषाशास्त्रज्ञांनी मांडलं की दोन भाषांची तुलना करा, फरक जिथे तिथे अडचण, म्हणजे चुका आधीच सांगता येतील. पण प्रत्यक्ष वर्गांत तसं जुळेना. १९६७ मध्ये कॉर्डर म्हणाले की चूक म्हणजे पोराच्या डोक्यात या घडीला कोणता नियम आहे त्याचा पुरावा. १९७२ मध्ये सेलिंकर यांनी त्या मधल्या अवस्थेला नाव दिलं, आंतरभाषा, म्हणजे मराठीही नाही आणि इंग्रजीही नाही, पोराची स्वतःची एक व्यवस्था, जिला स्वतःचे नियम असतात. ताई, तुमचं पोरगं 'आय ॲम गो' सातत्याने लिहितं ना? म्हणजे ते नियम पाळतंय. तुम्ही लाल पेनाने वाक्य दुरुस्त करता, नियम तसाच राहतो.

म्हणून मी म्हणेन की भाषा कशी आहे हे लिंग्विस्टिक्स सांगेल, शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय आणि आपण तासाला काय करायचं हे ईएलटी सांगेल. तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे.

येरवड्याचा

@तारनाका, रशियनचा मुद्दा एकदम मान्य, 'ॲम' बद्दल माझं कारण त्यापुढे टिकत नाही. पण एक सांगा, रशियनमध्ये 'आहे' नसतं हे ठाऊक नसतं तर हा युक्तिवाद करता आला असता का? तो शोध लागायला भाषांची रचनाच माहीत असावी लागली. आणि 'माय फादर इज फार्मर' चं काय? मराठीत आर्टिकल (अ, ॲन, द) नाही, रशियनमध्ये नाही, जपानीत नाही, आणि या सगळ्यांना इंग्रजी आर्टिकल जड जातात, तर ज्यांच्या भाषेत आर्टिकल आहे त्या फ्रेंच-जर्मन लोकांना त्या मानाने सोपी जातात. इथे मातृभाषा धरावीच लागेल.

तारनाका

हो, आर्टिकलला नक्कीच. म्हणून तर एकेक चूक बघून ठरवावं लागतं, सरसकट 'मराठीमुळे' किंवा सरसकट 'टप्पा आहे' असं म्हणून चालत नाही.

खडू_डस्टर

मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. चर्चा वाचून समाधान वाटलं, अशी चर्चा आमच्या स्टाफरूममध्ये व्हायला हवी होती. पण मला व्यवहाराचं विचारायचंय. आमच्या काळात दर काही वर्षांनी नवीन पद्धत यायची, वाक्यांचे साचे घोटायची स्ट्रक्चरल आली, मग बोलण्यावर भर देणारी कम्युनिकेटिव्ह आली, प्रशिक्षणाला गेलं की सांगायचे गट करा, मुलांना बोलतं करा. वर्गात साठ-सत्तर मुलं, बाक हलत नाहीत, शेजारच्या वर्गाचे गुरुजी भिंतीवर थाप मारतात आवाज फार होतोय म्हणून, आणि मार्चमध्ये बोर्डाचा पेपर. त्यात ही ईएलटी कशी बसवायची? पदव्युत्तर शिकून आलेली मंडळी वर्गात उभी राहिली की परत उतारा वाचा, अर्थ सांगा, प्रश्नोत्तरं लिहून घ्या असंच करताना मी पाहिली आहेत.

तारनाका

सर, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलंय. एन. एस. प्रभू यांचा बंगलोर प्रकल्प, १९७९ ते १९८४, दक्षिणेतल्या साध्या शाळांमधून. आज जगभर 'टास्क बेस्ड', म्हणजे काम सोडवायला देऊन भाषा शिकवणं, म्हणून जे शिकवतात त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांत याचं नाव घेतात. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे प्रभूंनी गटकार्यावर भर दिला नव्हता! त्यांचं म्हणणं होतं की गटात मुलं एकमेकांचं कच्चं इंग्रजी ऐकत बसतात, त्यापेक्षा शिक्षकाशी बोलत सोडवू दे.

त्याचा सांगाडा सांगते. आधी शिक्षक सगळ्या वर्गासमोर एक काम तोंडी सोडवतो, मुलांना प्रश्न विचारत विचारत. मग तसंच पण थोडं वेगळं काम मुलं एकेकटी वहीत करतात. तपासताना उत्तर बरोबर आलं का ते बघायचं, व्याकरण नाही. आणि काम असं की डोकं लागलं पाहिजे पण आवाक्यातलं, प्रभूंच्या वर्गांत रेल्वेची वेळापत्रकं, नकाशे वगैरे असायचे.

मी एसटीचं वेळापत्रक वापरते. फळ्यावर लातूर ते सोलापूरच्या पाच गाड्या, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबे. मग सगळं इंग्रजीत, 'मीना हॅज टू रीच सोलापूर बिफोर टू. शी कॅनॉट लीव्ह होम बिफोर नाइन. विच बस?' पोरं हिशोब करतात, एक म्हणतो दुसरी गाडी, दुसरा म्हणतो नाही ती तुळजापूरला थांबते म्हणून उशीर होतो, पहिल्यांदा मराठीत म्हणतो, मी तेच इंग्रजीत म्हणून पुढचा प्रश्न टाकते, आणि तास संपेपर्यंत 'लीव्ह', 'रीच', 'बिफोर', 'स्टॉप्स ॲट' हे त्यांनी वीस-पंचवीस वेळा ऐकलेलं असतं, तेसुद्धा कामासाठी, पाठांतरासाठी नाही. बाक हलवावे लागत नाहीत. भिंतीवर थाप मात्र येऊ शकते सर, त्याला इलाज नाही.

खडू_डस्टर

वा. हे मला चाळीस वर्षांचा असताना कुणी सांगायला हवं होतं. नातीच्या शाळेतल्या बाईंना हा प्रतिसाद पाठवतोय.

सिन्नरकर

प्रॅक्टिकल मुद्द्यांवर लिहितो कारण यात लोक फार फसतात.

ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बीएड लागतं. एमए लिंग्विस्टिक्स घेऊन इंग्रजीच्या जागेवर अर्ज केला की 'संबंधित विषय' वरून अडवणूक होते, कधी मानतात कधी नाही मानत, आणि तो वाद उमेदवाराने एकट्याने लढायचा असतो. सीनियर कॉलेजलाही तेच, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत 'कन्सर्न्ड, रेलेव्हंट, अलाइड' असे शब्द आहेत, ५५ टक्के आणि नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), पण अलाइड, म्हणजे जवळचा विषय, कोणता हे प्रत्यक्ष छाननी करणारे ठरवतात. त्यामुळे डिग्रीवर 'इंग्रजी' हा शब्द असणं तुमच्या फायद्याचं.

नेटमध्ये इंग्रजी हा ३० नंबरचा विषय आणि लिंग्विस्टिक्स ३१, दोन्ही स्वतंत्र. पेपर एकत्रच तीन तासांचा, पहिला ५० प्रश्नांचा सर्वांना सारखा, दुसरा १०० प्रश्नांचा विषयाचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. लिंग्विस्टिक्सला बसणारे इंग्रजीच्या मानाने खूपच कमी, पण जागाही तशाच कमी. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण कायम नोकरीतल्या माणसाला त्यासाठी रजा-बिजा बघावी लागते.

आणि एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन कोर्स एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. म्हणजे दूरशिक्षणाने एमए इंग्रजी आणि जोडीला दुसरं काही, हे आता नियमात बसतं. दूरशिक्षणाच्या कोर्सला यूजीसीची त्या वर्षीची मान्यता आहे का ते फी भरायच्या आधी बघा, नंतर नाही. आमच्या ओळखीतल्या एका मास्तरांचं एमए याच कारणाने पुढे कुठे ग्राह्य धरेनात, विद्यापीठाचं नाव घेत नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस शाळेची चाचणी होती म्हणून उत्तर देता आलं नाही. चाचणीचे पेपर तपासताना तारनाका ताईंचं डोक्यात होतं म्हणून दुरुस्त न करता नुसत्या चुका एका वहीत उतरवून घेतल्या आणि एक गोष्ट दिसली ती विचारते. 'आय ॲम गो', 'आय ॲम प्ले', 'ही इज रीड' असं भरपूर आहे, पण 'आय ॲम नो' (माहीत असणं या अर्थाचं know), 'आय ॲम लाइक', 'आय ॲम वॉन्ट' जवळजवळ नाही, तिथे 'आय लाइक' बरोबर लिहितात. असं का असावं?

तारनाका

ताई!! हे तुम्ही स्वतः बघितलंत ना, हाच खरा अभ्यास. आता दोन शक्यता लिहून ठेवा. एक, 'आय लाइक', 'आय वॉन्ट' ही जोडी पोरांनी इतक्यांदा ऐकलीये की ती अख्खीच तुकडा म्हणून पाठ आहे. दोन, गो-प्ले-रीड या कृती आहेत आणि नो-लाइक-वॉन्ट या मनाच्या अवस्था, पोरं 'ॲम' फक्त कृतींना लावतायत म्हणजे त्यांच्या लेखी ते 'ॲम' म्हणजे आपलं 'जातोय-खेळतोय' मधलं काहीतरी आहे.

येरवड्याचा

आणि दोन्हीतलं कोणतं हे ठरवायला मुलांनी कमी ऐकलेली क्रियापदं द्या. अवस्थेची पण अनोळखी, जसं 'बिलाँग', 'ओन'. तिथे 'ॲम ओन' आलं तर पहिली शक्यता, 'आय ओन' आलं तर दुसरी बळकट होते. मला तर तुमच्या वर्गात येऊन बसावंसं वाटतंय.

लीड्सकर

मी इंग्लंडातून लिहितेय, इथे एमए टीसॉल (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं एमए) केलं. परदेशाचा रस्ता कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. कोर्स एका वर्षाचा, १८० क्रेडिट्स, शेवटी प्रबंध. शिकवतात छान, ग्रंथालय डोळे दिपवणारं. पण काही विद्यापीठं अनुभवाची अट घालतात आणि काही नाही, जिथे अट नाही तिथे वर्गात बहुतेक जण थेट पदवीनंतर आलेले असतात, एकदाही वर्गासमोर उभे न राहिलेले, मग चर्चा हवेत होते. निवडताना हा एक निकष धराच. फी आणि राहणं धरून तीस लाख सहज जातात, आणि हे एमए झालं म्हणून इथल्या सरकारी शाळेत शिक्षक होता येतं असं नाही, त्याला क्यूटीएस हा शिक्षक-पात्रतेचा वेगळा दर्जा लागतो. कर्ज काढून यायचा विचार असेल तर हे आधी कागदावर मांडा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी, त्याला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो जो शिक्षकांकडे असतोच, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट.

सेल्टाबद्दलही लोक विचारतात. इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र, साधारण १२० तास, त्यात ६ तास प्रत्यक्ष शिकवणं आणि ते बघायला कुणीतरी मागे बसलेलं. वर्गातल्या हालचालींसाठी फार उपयोगी, आखाती देश, व्हिएतनाम वगैरे ठिकाणी भाषावर्गांत नोकरीला चालतं, पण महाराष्ट्रातल्या अनुदानित जागेसाठी त्याने काही होत नाही.

मिरजकर

वेगळा प्रश्न, रागावू नका. आता मोबाइल तोंडी बोललेलं भाषांतर करून देतो, चॅटबॉट व्याकरण सुधारतो. दहा वर्षांनी इंग्रजी शिकवण्याचं एमए कशाला लागेल? त्यापेक्षा ताईंनी कॉम्प्युटरकडे जावं का?

पट्टीवाला

मी पुण्यात भाषातंत्रज्ञानात काम करतो, एमए लिंग्विस्टिक्स मुंबई विद्यापीठातून. मिरजकरांच्या प्रश्नाला दोन भाग आहेत.

कामं आहेत. २०२२ मध्ये केंद्राचा भाषिणी हा भाषांतराचा प्रकल्प सुरू झाला, भारतीय भाषांच्या एआयवर काम करणारं आयआयटी मद्रासचं एआयफॉरभारत आहे, म्हैसूरला १९६९ पासूनची भारतीय भाषा संस्था आहे, खासगी कंपन्याही आवाज आणि मजकुराची विदा (डेटा) गोळा करतात. मराठीला नीट चिकित्सा करून लेबलं लावणारी माणसं मिळत नाहीत. वर 'खाल्लीस' चं उदाहरण आलं ना, मशीनला तिथे क्रियापद कुणाशी जुळतंय हे कुणीतरी माणसाने आधी खूण करून दाखवावं लागतं, आणि खूण करणाऱ्याला ते कळलेलं असावं लागतं. पण नुसत्या एमएवर मिळणारी कामं बरीचशी कंत्राटी असतात, दराची घासाघीस होते. पायथन आलं, थोडं संख्याशास्त्र आलं तर दार उघडतं. त्यासाठी ट्रिपलआयटी हैदराबादसारखी ठिकाणं बघावीत. स्पीच थेरपीकडे वळता येईल असं काहींना वाटतं, तसं नाही, त्याला बीएएसएलपी ही वेगळी पदवी आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते.

दुसरा भाग, ताईंना जे विचारायचंय ते मशीन सांगणार नाही. चॅटबॉट 'आय ॲम गो' चं 'आय गो' एका क्षणात करून देतो, म्हणजे लाल पेनच की तो. पोरगं तेच परत का लिहितं हे त्याच्यासमोर बसलेल्या माणसालाच शोधता येतं.

सायलीपार्ले

मी यंदा लिंग्विस्टिक्सच्या प्रवेश परीक्षा देणार आहे. त्यात अनोळखी भाषेची कोडी येतात म्हणे, कुणी नमुना देईल का?

येरवड्याचा

घ्या, तुर्की. एव म्हणजे घर, एवलेर घरं, एवलेरिम माझी घरं, एवदे घरात. तर 'माझ्या घरात' काय? आणि दुसरं, आत म्हणजे घोडा, पण घोडे म्हणजे आतलेर नाही, आतलार. का?

सायलीपार्ले

एव अधिक इम अधिक दे, म्हणजे एविमदे? दुसऱ्याचं, शब्दात आ आहे म्हणून प्रत्ययातही आ आला आणि एव मध्ये ए म्हणून लेर?

येरवड्याचा

शाब्बास, दोन्ही बरोबर. याला स्वरसंवाद म्हणतात. उत्तरापेक्षा तुम्ही तुकडे कसे पाडलेत ते नीट मांडायची सवय करा.

खडू_डस्टर

एक उच्चाराचं विचारतो, आपली मुलं 'वेस्ट' हा शब्द 'व्ही' चा असो की 'डब्ल्यू' चा, सारखाच म्हणतात, त्यावर किती वेळ घालवावा?

तारनाका

सर, फार नको. आपल्याला एकच व आहे त्यामुळे हे होणारच, आणि संदर्भावरून समजतं. त्यापेक्षा शब्दातल्या आघाताकडे बघा. आमच्याच संस्थेतल्या बन्सल यांचं १९६९ चं काम आहे, भारतीयांचं इंग्रजी परक्यांना कुठे कळत नाही यावर, त्यात शब्दाच्या चुकीच्या तुकड्यावर दिलेला जोर हे मोठं कारण निघालं. 'डिव्हेलप' मध्ये मधल्या 'व्हे' वर जोर हवा, आपण 'डे' वर देतो. टाळी वाजवून शिकवता येतं, सत्तर मुलांतही.

मांजराकाठ

मी असं ठरवतेय, कुणाला चुकीचं वाटलं तर सांगा. नोकरी सोडत नाही. यंदा दूरशिक्षणाने एमए इंग्रजी, मान्यता बघून, आणि पर्यायी पेपरमध्ये भाषाशास्त्र आणि ईएलटी जिथे मिळेल तेच विद्यापीठ. जोडीला ईफ्लूचं पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र, ते नोकरीतल्या शिक्षकांसाठी असतं असं कळलं. लिंग्विस्टिक्स पुढे, मुलगी मोठी झाल्यावर, पण सोडणार नाही. येरवड्याचा दादा, तोवर मी काय वाचू?

तारनाका

उत्तम ठरवलंत. पीजीसीटीईला संपर्कवर्गांना हजर राहावं लागतं, त्या तारखा कळल्या की लगेच मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज टाका, परीक्षांच्या मधे आल्या तर पंचाईत होते. ते झाल्यावर पुढची पायरी पीजीडीटीई ही पदविका, आणि तिथे तुमची ही चुकांची वही थेट प्रकल्पाला वापरता येईल.

येरवड्याचा

वाचायचं नंतर सांगतो, आधी ऐका. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, जिल्ह्याजिल्ह्यांतली रेकॉर्डिंग ऑनलाइन ठेवलीत. तुमच्या भागाची ऐका आणि त्यातलं काय काय तुमच्या वर्गात बोललं जातं ते टिपा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा आहे, तोही ताडून बघता येईल. आपण 'मराठी मातृभाषा' म्हणतो, पण पोरं पुस्तकातली मराठी घेऊन इंग्रजीकडे येत नाहीत, घरातली घेऊन येतात. तुमच्याकडे काहींची घरची भाषा लमाणी किंवा कन्नड असेल, तर चुकांच्या वहीत प्रत्येक पोरापुढे घरी काय बोलतात तो एक रकाना वाढवा.

मांजराकाठ

वर्गात लमाणी बोलणारी बरीच आहेत, हा रकाना मला सुचलाच नव्हता, उद्याच करते. पण मुलांच्या वह्यांतलं असं प्रकल्पात वापरायला परवानगी वगैरे लागते का?

तारनाका

हो, आत्तापासूनच व्यवस्थित करा. मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या, पालकांसाठी मराठीत एका पानाचं संमतीपत्र करा, आणि ज्यांच्या घरी वाचता येत नाही त्यांना पालक सभेत तोंडी समजावून मग सही किंवा अंगठा घ्या. वहीत पोरांची नावं नकोत, प्रत्येकाला आकडा द्या आणि कुठला आकडा कुणाचा तो कागद वेगळा, कुलपात. लमाणी-कन्नड हा रकाना भरताना पोरांना वर्गासमोर उभं करून विचारू नका, एकेकट्याला विचारा. संमतीपत्राचा माझा जुना नमुना आहे, व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते.